संत्र्याच्या बागेतला ट्रॅक्टर

कापलेल्या गवताचा वास आला की मला आर्वीजवळची आमची संत्र्याची बाग आठवते. पंचावन्न-छप्पन साल असेल. बागेतलं गवत कापायला, खत ओढायला ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं. फांद्या इतक्या खाली होत्या की मीसुद्धा वाकूनच चालायची. सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, म्हणून मी सासूबाईंकरवी सांगितलं, "लहानच घ्या म्हणा." मामंजींनी वर्ध्याला जाऊन बैल निवडावा तसा ट्रॅक्टर निवडला, रुंद छातीचा आणि उंच खांद्यांचा. "बारक्या बैलाले कोन इचारते?" म्हणाले. श्रावणात तो बागेत शिरला आणि पहिल्याच ओळीत फांद्यांत अडकला. हिरवी संत्री टपाटपा खाली पडली. मामंजींनी उतरून वर पाहिलं आणि गड्याला म्हणाले, "झाडं छाट." दोन झाडं बोडकी झाल्यावर सासूबाई आडव्या आल्या, तेव्हा कुठे ट्रॅक्टर गोठ्याशेजारी जाऊन उभा राहिला. दिवाळीपर्यंत त्याच्याभोवती कमरेएवढं गवत माजलं. मग सासूबाईंकरवीच मला निरोप आला, "सुनेले म्हना, गवत काप. ट्रॅक्टर रस्त्यावरून दिसला पाह्यजे." मी विळा घेतला. लोकांना तो वास गोड वाटतो, माझं अजून डोकं फिरतं.