ढाल सोडण्याआधी

आमच्या गावात बक्षीस देणारा आणि घेणारा, दोघंही ढाल धरून फोटोग्राफर नानांकडे बघत उभे राहतात. कॅमेऱ्यामागून डोकं काढून नाना "सोडा आता" म्हणेपर्यंत ढाल कोणी सोडत नाही. एकांकिका असोत नाहीतर भजनस्पर्धा, हा शिरस्ता मोडत नाही. बाहेरगावचे पाहुणे तेवढे ढाल देऊन चटकन खुर्चीकडे वळतात. मग नाना त्यांना हाताला धरून परत आणतात.

मला वाटतं, आनंदाचे क्षण सगळ्यांच्याच वाट्याला येतात, पण ते जरा धरून ठेवा असं सांगणारं माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही.

काल नाट्यमंडळाने नानांचाच सत्कार केला. कॅमेरा त्यांच्या मुलीच्या हातात होता. तिने फोटो काढला, तरी अध्यक्ष आणि नाना ढाल धरून तसेच उभे. सभागृहात खसखस पिकली.

अध्यक्षांनी हळूच विचारलं, "नाना, सोडू का?"

नानांनी ढाल आणखी घट्ट धरली.

"थांबा हो. आजवर सगळ्यांना मीच सोडायला लावली. आज मला जरा धरू द्या."