भातात खोचलेल्या काड्या

माझी फजिती ऐकायचीय? मग आधी चहा संपवा, नंतर तो घशाखाली उतरायचा नाही.

फुटबॉलच्या वर्ल्डकपची घाई चालली होती तेव्हाची गोष्ट. दोह्यात स्टेडियमकडे जाणाऱ्या एका पुलावर मी साइट इंजिनिअर. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा कायदा आहे तिथं. त्याची मुदत संपली होती, पण उन्हाळा कुठला संपतोय! त्या आठवड्यात भर दुपारी एक माणूस सळया बांधता बांधता पडला, तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा फोरमन शिवाजी, बीडचा, माझ्यापुढे उभा. "साहेब, आज जपानी सायबासंगं जेवायला चाललात ना? तेवढं दुपारचं काम बंद करा म्हनावं. न्हाईतर अजून एखादा जाईल."

"सांगतो की!" मी छाती फुगवून म्हणालो.

सांगतो कसलं! ते हॉटेल बघूनच माझी बोबडी वळली. बूट बाहेर, चटईवर मांडी घालून बसायचं, कुणी मोठ्यानं बोलत नाही. मोरी साहेब म्हणजे क्लायंटचे मुख्य. त्यांनी भुवई उचलली तरी आमची नोकरी हलायची. कच्चा मासा आला, गिळला. सूप आलं, प्यालो. दर वाटीला ठरवायचो, आता विषय काढतो. आणि दर वाटीला तोंडातून निघायचं, "व्हेरी नाइस, सर!"

शेवटी भात आला. माझा जीव भांड्यात पडला! म्हटलं, नाशिकला बायकोला फोटो पाठवू. आता हातातल्या या जेवायच्या काड्या ठेवायच्या कुठं? केळ्यात अगरबत्त्या खोचतो तशा भातात उभ्या खोचल्या आणि मोबाइल काढला.

सगळ्या पंगतीनं आपापल्या काड्या खाली ठेवल्या.

मोरी साहेबांनी हळूच विचारलं, "कुणासाठी?"

"वाइफसाठी, सर."

त्यांचा चेहराच उतरला. "कधी गेल्या?"

शेजारचा जपानी इंजिनिअर माझ्या कानाशी लागला, "आमच्यात मेलेल्या माणसापुढं असा भात ठेवतात."

 म्हणजे मी भर पंगतीत पिंडच मांडला होता की! नोकरी गेलीच म्हणायची. आणि मग, सांगायला लाज वाटते, पण तो पडलेला माणूस मला आठवला तो माझी कातडी वाचवायला.

"वाइफ ठणठणीत आहे, सर. असा भात ठेवायची तिची इच्छा होती. आपल्या साइटवर जो माणूस गेला ना, त्याच्यासाठी."

मोरी साहेबांचे डोळे भरून आले. सगळ्यांनी हात जोडले. "उद्यापासून दुपारचं काम बंद," ते म्हणाले. "त्याचं नाव काय होतं?"

नाव? मला त्याच्या हेल्मेटचा नंबर पाठ होता! तोंडाला आलं ते सांगून मोकळा झालो. "शिवाजी, सर."

सकाळी सगळी साइट उन्हात उभी. मोरी साहेबांनी स्वतः माइकवरून नाव घेतलं, दोन मिनिटं शांतता पाळली. आणि पहिल्या रांगेत आमचा शिवाजी, मान खाली घालून, स्वतःच्याच श्रद्धांजलीला उभा!

शांतता संपल्यावर तो माझ्याकडे आला. म्हटलं, आता हा चारचौघांत माझी लाज काढणार. तर हळूच म्हणाला, "राहू द्या साहेब. दुपार बंद झाली, लई झालं. पन मी हाये अजून. गेला तो रामदास. तुमच्याच नाशिककडचा व्हता."