मागची सीट

शेजारच्या सुधीरला आता आणखी मोठी गाडी हवी आहे, म्हणून आज त्याची जुनी गाडी बघायला गिऱ्हाईक आलं होतं. चार वर्षं झाली तरी सीटवरचं प्लास्टिक तसंच आहे. ते बघितलं की माझं डोकंच फिरतं. त्याच्या आईला गाडीत उलटी झाली तर वास जात नाही, म्हणून हा तिला दवाखान्यात रिक्षाने पाठवतो. सुखासाठी आणलेली वस्तू घरच्याच माणसाला बाहेर उभं करते, आणि आपण फडकं घेऊन तिच्याच काचा पुसत बसतो.

सुधीरने मागचं दार उघडलं. "बघा साहेब, मागे आजवर कोणी बसलेलंच नाही."

पायरीवर बसलेल्या त्याच्या आईने मान वर केली.

"खरं सांगतोय हो तो," ती म्हणाली.