न सांगता द्यायचं औषध

कडेगावच्या एका मेडिकलमध्ये मी नऊ वर्षं काउंटरवर आहे. या नऊ वर्षांत एका प्रकारचं गिऱ्हाईक मी नेमानं हाकलत आले. ते दुपारी गर्दी नसताना येतं, मागं वळून बघतं आणि हळूच विचारतं, "ताई, भाजीत कालवून द्याचं काय हाय का? त्यास्नी कळाय नगं." कुणाला नवऱ्याची दारू सोडवायची असते, कुणाला पोरीच्या डोक्यातून एखादा मुलगा काढायचा असतो. मी सगळ्यांना एकच सांगते. ज्याला द्यायचंय त्याला घेऊन या, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, न सांगता द्यायचं औषध इथं मिळत नाही. दुकानाचे मालक म्हणतात, माझी जीभ तिखट आहे. असू दे.

तेच औषध माझ्या घरातल्या आमटीत पडत होतं आणि मला पत्ता नव्हता.

नवरा फौजेत. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सुट्टीवर आला की मित्र, ऊस आणि ट्रॅक्टर. माझ्याशी बोलणं म्हणजे टॉवेल कुठाय आणि गेटला कडी लाव. त्याला झोप धड लागायची नाही, मग दिवसभर चिडचिड. त्या सुट्टीतला पहिला आठवडा असाच गेला. दुसऱ्या आठवड्यात मात्र माणूस पालटला. सकाळी मी येईपर्यंत चहा न पिता थांबू लागला. मला गाडीवरून दुकानात सोडू लागला. एका संध्याकाळी बांधावर बसून त्यानं लहानपणी विहिरीत पडल्याची हकिगत सांगितली, माझा हात हातात धरून. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मी भाळले, लपवू कशाला? माझंही अंग सैल पडायचं, त्याच्याकडे बघत बसावंसं वाटायचं. प्रेम म्हणतात ते हेच असावं, असं मी ठरवूनही टाकलं.

मग एक दिवस दुकानात मी एका म्हाताऱ्याच्या हातात भलतंच पाकीट दिलं. वेळीच लक्षात आलं म्हणून बरं. डोकं जड होतं आणि मी तर कुठली गोळी घेतली नव्हती.

आमच्या घरात बाईनं नवऱ्याच्याच ताटात जेवायचं. तो उठला की त्याच ताटावर मी बसायची, त्याच वाटीत उरलेली आमटी संपवायची. त्या दिवशी वाटीच्या तळाला जिभेला कडू लागलं. कुटलेल्या गोळीचा कडूपणा मला चांगला कळतो, माझं पोटच त्यावर चालतं. हळदीच्या डब्यामागं कागदाची पुडी सापडली, आत गुंगीच्या गोळ्यांचा चुरा. पुडी घेऊन मी सासूबाईंसमोर उभी राहिले. त्यांना मी आत्या म्हणते.

त्या लपवालपवीच्या भानगडीत पडल्या नाहीत. "आटपाडीकडच्या एका माणसाकडनं आणलीया. माज्या लेकाचा जीव तुज्यावर बसावा म्हणून. तू त्येच्याच ताटात जेवतीस, हे ध्यानातच न्हाई आलं बग."

ही रीत मला त्यांनीच शिकवली होती. मला आधी हसू फुटलं आणि मग असा संताप आला की विचारू नका. या बाईच्या पुडीवर झोपाळलेला नवरा मला मागं बसवून रोज गाडी चालवत होता.

"बसला न्हवं जीव?" आत्या म्हणाल्या. "मग कशानं का बसंना."

पुडी मी मोरीत ओतली. पण त्याला सांगितलं नाही. दोन दिवस गप्प बसले, आणि याची लाज मला आजही वाटते. सांगितलं असतं तर ती विहीर, तो बांध, तो हात, सगळंच हातचं गेलं असतं. त्याचं प्रेम त्याचं होतं की पुडीचं? आणि माझं? तिसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली, तिनं हळूच तेच विचारलं. मी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि ते बाहेरच पडेना. संध्याकाळी घरी गेले आणि त्याला सगळं सांगून टाकलं.

त्यानं विचारलं, "म्हंजे तवा मी बोललो, त्यो मी न्हवतो?"

"मला न्हाई म्हाईत. मी बी त्येच खाल्लं हुतं."

त्यानं आईला नको नको ते सुनावलं. माझ्याशी बोलणं बंद केलं. आत्या डोळे पुसत मला म्हणाल्या, "चांगलं चाललेलं मोडलंस तू."

मोडलं. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडेन. मनाच्या दुखण्यावर औषध घेणारी माणसं माझ्याकडे रोज येतात, आपल्या पायांनी, चिठ्ठी घेऊन. त्यांना मी मानानं गोळ्या देते, त्यात कसली लाज? उद्या प्रेमाचीही गोळी निघाली आणि दोघांनी समजून उमजून घेतली, तर मी बिल फाडून देईन. पण ज्याला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही, त्याचा होकार घेऊन मी काय करू? माझ्यावर जीव बसवायला माझ्या नवऱ्याला गुंगवावं लागतं, हा तर माझाही अपमान आहे. त्यापेक्षा टॉवेल कुठाय विचारणारा नवरा परवडला.

सुट्टी संपली. निघायच्या दिवशी सकाळी आत्यांनी त्याचं ताट वाढलं. मी फळीवरून दुसरं ताट काढलं, वाढून घेतलं आणि तो जेवत असतानाच त्याच्या शेजारी बसले. आत्या बघतच राहिल्या.

"माजा राग गेला न्हाई अजून," तो ताटाकडे बघत म्हणाला.

"नगं जाऊ दे. तुमचा सोताचा हाय, कुणी कालवलेला न्हाई."

त्यानं भाकरी मोडली, आमटीकडे हात नेला आणि थांबला. मग वाटी माझ्याकडे सरकवली.

"कडू लागतीया का बग."

मी चाखली आणि नाही म्हणाले. मग त्यानं ती वाटी परत ओढून घेतली आणि खाली ठेवेपर्यंत एक थेंब शिल्लक ठेवला नाही.