शिपायासमोर म्हणायचं गाणं

माझ्या आईला एकच गाणं पूर्ण येत होतं, आणि तेही खोटं. जूचंद्रच्या मिठागरात मीठ ओढताना तिची आई इतर बायांबरोबर इंग्रज सायबाला शिव्या घालणारं गाणं म्हणायची. बांधावर शिपाई दिसला की चाल तीच ठेवून बाया शब्द बदलायच्या. मग भाऊ येणार, मला माहेरी नेणार, असलं काहीतरी. शिपायाची पाठ वळली की पुन्हा सायबाचा उद्धार सुरू.

आजीने आईला फक्त शिपायासमोरचे शब्द शिकवले. पोरगी शाळेत जाऊन भलतंच गाईल, ही भीती. पुढे साहेब गेला, आजी गेली, शिव्याही तिच्याबरोबर गेल्या. उरला तो माहेरी न्यायला येणारा भाऊ.

आईची आठवण विरायला लागली तेव्हा मला एवढंच वाटलं, की हे गाणं तरी तिच्या आवाजात राहावं. वालीवच्या कारखान्यात माझ्यासोबत पॅकिंगला असलेल्या बाईचा भाचा स्वातंत्र्याच्या काळातल्या गाण्यांवर माहितीपट करत होता. मी होऊन त्याला बोलावलं.

मुलगा चांगला होता. आईच्या पाया पडला, चहा प्यायला, कॅमेरा लावला. आई नवं लुगडं नेसून बसली होती. तिने सुरुवात केली, ‘भाव माजा येल गो, माहेरा मना नेल गो.’ एकदाही न अडखळता तिने ते संपवलं. घरातली माणसं विसरणारी बाई, पण गाण्यातला एक शब्द चुकली नाही.

“सुंदर, आजी,” तो म्हणाला. “पण यात विरोध कुठे दिसतो?”

“शिपाई हुबा व्हता ना समोर,” आई म्हणाली. “मंग कसा दिसंल?”

याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. त्याला ते पुरलं नाही. प्रेक्षकांना कळायला हवं, मूळ शब्द असेच काहीतरी असणार, असं म्हणत त्याने तिथेच बसून चार ओळी लिहिल्या. मीठ आमचं, खाडी आमची, चालता हो सायबा. त्या त्याने आईकडून घोकून घेतल्या. मूठ कधी वर करायची तेही दाखवलं. आई खूश होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. इतकं लक्ष तिच्याकडे कुणी कित्येक वर्षांत दिलं नव्हतं.

शाळेच्या मैदानात पडदा लावून फिल्म दाखवली. आईने मूठ वर केली तशा शिट्ट्या पडल्या. मग हळदीला बायका तिला हाताला धरून नेऊ लागल्या, गाणं म्हणायला लावू लागल्या. डीजेवाल्यानेही त्याखाली ठेका टाकला. आमच्या आजीचं गाणं, असं जो तो सांगू लागला. मी कुणाचं तोंड धरणार?

मी त्या मुलाला फोन करून पहिलं गाणं मागितलं. तो ओशाळला. मध्ये विमानाचा आवाज आला होता, म्हणून ते ठेवलं नाही, म्हणाला. मी म्हटलं, असू दे. मला राग यायला हवा होता. आला नाही. नंतर येईल असं वाटलं, तर तेही झालं नाही. मी गॅस बंद केला आणि कपडे वाळत घातले.

आता आई मला कधी ओळखते, कधी नाही. परवा दुपारी तिचे केस विंचरताना मी म्हटलं, आई, भावाचं गाणं म्हण ना. तिने मूठ वर केली आणि सायबाला हाकलायला लागली. खणखणीत आवाजात. मी मध्येच हळू आवाजात पहिली ओळ धरली, ‘भाव माजा येल गो.’

आई थांबली. मला दटावावं तसं म्हणाली, “ते शिपायासमोरचं. आयनं मना खरं शिकवलंय. आता कोन हाय इथं?”

“कोणी नाही,” मी म्हटलं, आणि तिची वेणी घालत राहिले.