भुकेची तोंडं

माशांच्या मनातलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा दावा होता, म्हणून सगळे त्यांना प्रोफेसर म्हणत. कोपरापर्यंत हात बुडवून ते तळ्याची तब्येत सांगत. वडिलांकडून आलेली विद्या! वडिलांचे सगळे मासे एका ढगाळ सकाळी मेले, तेव्हा कुणाची तरी नजर लागली असं घरात ठरलं होतं.

पाण्यात हवा खेळवणाऱ्या पंख्याबद्दल सांगायला मत्स्य खात्याचा साहेब तीनदा आला. तिन्ही वेळा प्रोफेसरांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. बांधापलीकडे त्यांच्या थोरल्या बहिणीनं मात्र एक सोडून दोन पंखे घेतले.

"तळ्यात पंखा? उद्या माशांना गादी घाल!" प्रोफेसर पोट धरून हसले. त्यांची बायको हसली नाही. ती रोज बांधावर कपडे वाळत घालायची आणि वर्षभर पलीकडचं तळं बघत होती.

मग तीन दिवस आभाळ भरून राहिलं, वारा पडला. चौथ्या दिवशी उजाडताना प्रोफेसर तळ्यावर आले, तर पाणी दिसेना. नुसती तोंडं! वर्षभर वाढवलेले सगळे मासे वर येऊन आ वासत होते.

"भुकेलेत बिचारे," म्हणत त्यांनी खाद्याची बादली उचलली. मागून आलेल्या बायकोनं त्यांचं मनगट धरलं. तीस वर्षांच्या संसारात तिनं असं कधी धरलं नव्हतं.

"अहो, टाकू नका! भूक नाही ती. पाण्यातली हवा संपलीये, जीव घुसमटतोय त्यांचा. खाद्य टाकलंत तर आणखी घुसमटेल. वन्संच्या तळ्यात बघा, आहे एक तरी तोंड वर?"

त्यांनी पाहिलं. तिकडे पंखा पाणी उडवत होता आणि मासा औषधालाही दिसत नव्हता. त्यांनी बादली खाली ठेवली.

बायकोची हाक ऐकून बहीण आली ती दुसरा पंखा हातगाडीवर घालूनच.

"ताई, मी तेव्हा..."

"नंतर बोल. वायर धर."

पंपाच्या खोलीतून वीज घेतली. पंखा घरघरला, पाणी उडालं. आणि तळ्याच्या चारी कोपऱ्यांतून मासे त्या फेसाकडे निघाले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी वाट दाखवली नव्हती. हजारो काळ्या पाठी एकाच दिशेनं सरकत होत्या. चाळीस वर्षं तळ्यावर काढून प्रोफेसरांनी असलं काही पाहिलं नव्हतं. ते हात जोडून उभे राहिले, कुणाला ते त्यांनाही कळलं नाही.

हळूहळू एकेक तोंड खाली गेलं. तासाभरात पाणी पुन्हा पाण्यासारखं दिसू लागलं.

प्रोफेसर बांधावर बसले. वडिलांची ती सकाळ त्यांना आठवली. तेव्हाही अशीच तोंडं वर आली होती, आणि वडिलांबरोबर त्यांनी स्वतःही दोन्ही हातांनी खाद्य टाकलं होतं.

"नजरबिजर काही नव्हती गं," ते बायकोला म्हणाले. "ते श्वास मागत होते, आणि आम्ही बापलेक त्यांना वाढत बसलो."