सुशीलाबाई मध्यंतरात उठतात

सुशीलाबाई मध्यंतरात उठल्या की नाटक मेलं, अशी एक कुजबुज हैदराबादच्या मराठी मंडळींत बरीच वर्षं होती.

कुजबुजीला पाय फुटतात हे सगळीकडचंच, पण या गावात तिला खुर्ची देऊन चहाही पाजतात, त्यामुळे ती चांगली बाळसेदार झाली होती. कुणी म्हणे, बाईंना नाटक फसणार याचा वास पहिल्या दहा मिनिटांत येतो, नासणाऱ्या दुधाचा यावा तसा. कुणी म्हणे, एका गझल गाणाऱ्याने बाईंना उठताना पाहिलं आणि शेराची दुसरी ओळच विसरला. पहिली चार वेळा चार सुरांत म्हणून त्याने वेळ मारून नेली, आणि लोकांनी तीच उचलून धरली. एका तेलुगू पौराणिक कंपनीने तर पडदा वर जाण्याआधी बाईंच्या खुर्चीपुढे नारळ फोडला होता म्हणतात. फोडला असेल किंवा नसेलही. खोबरं मात्र बाईंनी घरी नेलं, याला साक्षीदार आहेत.

सुशीलाबाईंचं वय सत्तरीच्या अलीकडे की पलीकडे, हे त्या विचारणाऱ्याचं तोंड बघून ठरवतात. माहेर नांदेडकडचं, शेतीचं. यजमान बेगम बाजारात मसाल्याच्या ठोक दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी होते. मालकाला कार्यक्रमांचे पास यायचे आणि मालकाला गाण्यात डुलकी लागायची, म्हणून पास दिवाणजींकडे आणि दिवाणजींकडून बाईंकडे. यजमान गेले, दुकान मालकाच्या मुलांनी वाटून घेतलं, पण पास यायचे काही थांबले नाहीत. ते कोण पाठवतं हे आता पाठवणाऱ्यालाही आठवत नसावं.

बाईंनी काय पाहिलं नाही? कुचीपुडी पाहिली, कव्वाली ऐकली, नामपल्लीच्या नुमाइशीतले, म्हणजे तिथल्या वार्षिक प्रदर्शनातले, मुशायरे ऐकले. रंगवलेल्या पडद्यांतून धूर काढत येणारे राक्षस पाहिले. बंजारा हिल्सच्या एका कॅफेत इंग्रजी नाटकही पाहिलं. तिथे लोक जमिनीवर गाद्यांवर बसले होते. बाईंनी शांतपणे सांगितलं, "मला खुर्ची लागते. खाली मी फक्त जेवायला बसते." खुर्ची आली. नाटक इंग्रजीत होतं, पण बाईंचं मत स्पष्ट होतं: "त्या पोराचं बायकोवर प्रेम नाही, खोटं बोलायला लागला की कान खाजवतो." नाटकाच्या शेवटी तेच निघालं.

बसायची जागा ठरलेली, पहिल्या रांगेत दाराकडची. बसलं की चपला काढून खुर्चीखाली सारायच्या, मांडीवर कापडी पिशवी ठेवायची आणि हाताची घडी घालायची. त्या पिशवीतून कधीकधी एक वीतभर लोखंडी किल्ली डोकावायची. तिच्यावरही एक स्वतंत्र कुजबुज होती, पण ती इतकी चावट आहे की सोडून देऊ. जाणकारांचं लक्ष किल्लीकडे नसायचंच, ते बाईंच्या पायांकडे असायचं. मध्यंतराच्या आधी पाय चपला शोधू लागले, की विंगेत कुणीतरी डोक्याला हात लावायचं.

पुष्करला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. पुष्कर मूळचा पुण्याचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आणि कुकटपल्लीत राहायला. स्वतः नाटक लिहायचा, बसवायचा, आणि बायकोला, शर्वरीला, त्यात मुख्य भूमिका द्यायचा. किंवा शर्वरी ती घ्यायची. गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्याने पहिलं नाटक केलं. मध्यंतर झालं, सुशीलाबाईंनी चपला घातल्या, पिशवी उचलली आणि गेल्या. त्यांच्यामागून तिसरी रांग गेली, मग पाचवी. दुसरा अंक ज्यांनी पाहिला त्यांत निम्मे नटांचे नातेवाईक होते आणि उरलेल्यांना न्यायला गाडी यायची होती.

मंडळाचे चिटणीस श्रीकांतराव. आवाज मऊ, आणि वाईट बातमी असली की आणखी मऊ होणारा. या वर्षी तालमी सुरू झाल्या तेव्हा ते मुद्दाम येऊन सांगून गेले.

"पुष्कर, समितीचं ठरलंय. या वर्षीचं नाटक रंगलं तर दर वर्षीची ही संध्याकाळ नाटकाची. नाही रंगलं तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा."

"रंगलं की नाही हे ठरवणार कोण?"

श्रीकांतरावांनी आवाज आणखी खाली आणला. "ते आपण कशाला ठरवायचं? सुशीलाबाई आहेत ना."

ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हे पुष्करला माहीत होतं. श्रीकांतरावांचे मेहुणे कोट घालून जुनी गाणी म्हणायचे, आणि तीस जणांची नाटकाची टोळी, जी शनिवार-रविवार पोटाला चिमटा घेऊन तालमी करत होती, ती प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवणार होती. मंडळाने सभागृह दिलं नाही तर या गावात मराठी नाटक करायला दुसरी जागा परवडणारी नव्हती. तेव्हा हसणं बंद करून पुष्कर एका सकाळी शर्वरीला घेऊन बेगम बाजाराच्या मागच्या गल्लीत सुशीलाबाईंच्या घरी गेला.

बाई अंगणात मिरच्या निवडत बसल्या होत्या. एका कोपऱ्यात हौदाचं झाकण, त्यावर वाळत घातलेली चिंच. बाईंनी दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू गेल्या वर्षीचा ना? ज्याच्या नाटकात बाप खिडकीशी उभा राहतो?"

"हो, मीच."

"अन् ही सून झाली होती. चांगलं केलीस गं. साडी मात्र चापूनचोपून नव्हती. बसा. भात खाऊन जायचं."

"आजी, आम्ही नाश्ता करून आलोय," शर्वरी म्हणाली.

"मी विचारले का?"

भात झाला, वर खट्टी दाळ झाली. पुष्करने पास पुढे ठेवला आणि धीर करून विचारलं, "आजी, गेल्या वर्षी तुम्ही मध्यंतरातच उठलात."

"हौ, उठले."

"का ते कळलं असतं तर..."

"का म्हणजे? बसायचं तोवर बसले, उठायचं तेव्हा उठले. तू काय हजेरी घ्यायलास?"

शर्वरीने पदराआड हसू दाबलं. पुष्करने मात्र हे वाक्य मनात कोरून घेतलं. त्याला त्यात रंगभूमीचं मोठं तत्त्व दिसलं. पुण्याच्या माणसाला कुणी स्पष्ट काही सांगितलं नाही, की त्याला त्यात तत्त्व दिसतंच.

"मग नाटकात काय कमी होतं ते तरी सांगा. दुसऱ्या अंकात..."

"दुसरा मी पाहिला नाही, त्याचं काय सांगू? पहिल्याचं सांगते. तुझा बाप चार वेळा सांगतो की तो रुसलाय. एकदा खिडकीशी, एकदा जेवताना, एकदा फोनवर, अन् एकदा उगीच. लेकरा, रुसलेला माणूस सांगत फिरतो का? तो भाजीत मीठ जास्त झालं म्हणतो."

पुष्करने वही काढली. बाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"अन् हे फोन. ज्याला त्याला फोन येतो. फोन आला की मला वाटतं, चला, याला पुढं काय लिहावं सुचेना."

परतताना शर्वरी म्हणाली, "बघ, मी हेच म्हणत होते."

"तू असं म्हणाली नव्हतीस."

"मी हळू म्हणाले होते. तू फोनवर होतास."

पुढचे तीन आठवडे पुष्करने नव्या नाटकाची हजामत केली. नाटक याही वर्षी बापलेकाच्याच अबोल्याचं होतं, कारण त्याला दुसरा विषय येत नव्हता. पण फोन गेले, एकच राहिला. बापाची भाषणं गेली. त्याऐवजी बाप दुसऱ्या प्रवेशात मुलाने आणलेला नवा कुकर न उघडताच माळ्यावर टाकून येतो, एवढंच ठेवलं. बापाचं काम करणाऱ्या नटाने आपली वाक्यं कापली म्हणून दोन दिवस अबोला धरला. पुष्कर त्याला म्हणाला, "अस्संच. हेच स्टेजवर कर."

सगळं जुळून येत होतं, तोच सभागृहाकडून निरोप आला. ठरलेल्या शनिवारी एका शाळेचं स्नेहसंमेलन घुसलं होतं, नाटक रविवारी करा. पुष्करने थयथयाट केला. रविवारी कुकटपल्लीहून नामपल्लीला कोण येणार, सोमवारी लोकांना ऑफिस, पत्रिका छापून झाल्या, पासांवर शनिवारची तारीख. श्रीकांतराव मऊ आवाजात म्हणाले, "पेनाने बदला." शर्वरीने दीडशे पासांवर तारीख बदलली. पुष्कर म्हणत राहिला, की आपल्या नशिबातच ऑर्केस्ट्रा आहे.

रविवारी साडेसहाला सभागृह तीन चतुर्थांश भरलं. सुशीलाबाई आल्या, ठरल्या जागी बसल्या, चपला खुर्चीखाली गेल्या. शर्वरीने त्यांना हात धरून बसवलं आणि विंगेत येऊन पुष्करला सांगितलं, "आज पिशवी हलकी आहे. ती किल्ली नाहीये."

"किल्लीचं काय घेऊन बसलीस? पाय बघ."

पहिला अंक पुष्करने स्टेज न बघता विंगेच्या फटीतून बाईंचे पाय बघत काढला. पाय जागच्या जागी होते. बापाने कुकर माळ्यावर टाकला तेव्हा प्रेक्षकांत हशा झाला, आणि लगेच सगळे गप्पही झाले, कारण मुलाने त्याला टाकताना पाहिलं होतं. तसं गप्प होणं पुष्करने या गावात आपल्या नाटकात पहिल्यांदा ऐकलं. पण अशा वेळी देखील त्याची नजर खुर्चीखालीच होती. आठ वाजायला पाच मिनिटं असताना डावा पाय हलला. मग उजवा. दोन्ही पाय चपलांत गेले.

पडदा पडला, दिवे लागले. सुशीलाबाई उठल्या.

तिसरी रांग उठली. श्रीकांतरावांनी शाल खांद्यावर नीट घेतली, जणू सांत्वनाला निघाले होते. पुष्कर विंगेतल्या मोडक्या सिंहासनावर बसला. शर्वरी दारापर्यंत धावली आणि तिथेच थांबली, कारण सुशीलाबाई बाहेरच्या स्टॉलपाशी उभ्या राहून पोऱ्याला नव्हे, खुद्द मालकाला झापत होत्या.

"हे बोंडे सकाळचे हैत. मला आत्ताचे दे, कढईतले. मी थांबते."

बाई थांबल्या, तसे मागून आलेले पंधरा-वीस जणही थांबले. बाईंनी दोन गरम बोंडे खाल्ले, हात पुसले, आणि घंटा झाली तशा परत आत वळल्या. त्यांच्यामागून पंधरा-वीस जणही वळले. एक जण तर गाडी सुरू करून बसला होता, तो गाडी बंद करून आला. बाई बसल्या, चपला काढल्या, खुर्चीखाली सारल्या.

त्या दिवशीच्या दुसऱ्या अंकाबद्दल मंडळात अजून बोलतात. शर्वरी म्हणते की नटांना पंख फुटले होते. बाप झालेल्या नटाने शेवटच्या प्रवेशात माळ्यावरून कुकर काढला, झाकण उघडून आत पाहिलं आणि मुलाला म्हणाला, "शिट्टी नीट बसत नाही याची." एवढंच. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. ते श्रीकांतरावांचे मेहुणे होते, कोटवाले, हे नंतर कळलं.

नाटक संपल्यावर सुशीलाबाई विंगेत आल्या. पुष्कर वाकला, त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"शिकलास. अजून एक फोन राहिला तो पण काढ." मग शर्वरीकडे वळून, "साडी बरी होती आज."

श्रीकांतराव सगळ्यांसमोर, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात, बोलले, की दर वर्षीची ही संध्याकाळ यापुढे नाटकाची. त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि विचारलं, "शेवटपर्यंत थांबलात, म्हणजे पसंत पडलं?"

"पडलं की," सुशीलाबाई म्हणाल्या. ते खरंच पडलं होतं. "आता रिक्षा बघा माझी."

आजही नव्या नाटकवाल्यांना पुष्कर सांगतो, की सुशीलाबाईंना अस्सल आणि नक्कल पहिल्या अंकातच कळतं. सुशीलाबाईंना कुणी हे येऊन सांगितलं तर त्या हाताची घडी घालून म्हणतात, "असं म्हणतो का तो?" आणि विषय बदलतात. पहिल्या रांगेतली खुर्ची आणि कढईतले बोंडे कुणाला नको असतात?

सुशीलाबाईंच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं, रात्री पावणेनऊला, तासभर. चार घरांचा मिळून एक हौद आहे आणि त्याच्या व्हॉल्व्हची किल्ली बाईंकडे असते. ज्या दिवशी पाणी असतं त्या दिवशी त्या मध्यंतरात घरी जातात. गेल्या वर्षीच्या नाटकाच्या दिवशी पाणी होतं. या वर्षी शनिवारी होतं, रविवारी नव्हतं.